बाबांच्या हाडांचं कोण विचारतं?

आमच्या कामाच्या वस्तीतल्या एका बाबांची गोष्ट आधी सांगतो. वय बहात्तर. सगळं आयुष्य भाजी मार्केटात हमालीत गेलेलं. घर म्हणजे खाली एक खोली आणि वर पोटमाळा. मुलगा, सून, नातवंडं खाली आणि बाबा माळ्यावर. पावसाळ्यातल्या एका पहाटे ते लघवीला उठले आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवरून पाय सटकला. फार उंचावरून नाही, हातभर उंचीवरून पडले. पण उठता येईना. पाय आखूड दिसू लागला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं. मुलाची रोजंदारी बुडाली. सुनेनं धुण्याभांड्याची चार घरं सोडली, कारण बाबांना उठवणं, बसवणं, बेडपॅन देणं हे सगळं तिच्यावर आलं. बाबा काही पुन्हा धड चालले नाहीत. पडून पडून पाठीला जखम झाली, छातीत कफ साठला आणि दिवाळीच्या आधीच बाबा गेले.

भेटायला गेलो तेव्हा सुनेनं प्लास्टिकच्या पिशवीतून सगळे कागद काढून दाखवले. त्यात एक जुना केसपेपर होता, तीन वर्षांपूर्वीचा. उजव्या मनगटाचं फ्रॅक्चर. बाबा तेव्हा नळावर घसरले होते, हात टेकला आणि मनगट मोडलं. तो कागद आम्ही ओळखला. तेव्हा आम्ही सरकारी नोकरीत होतो आणि त्याच प्लास्टर रूममध्ये आमची ड्यूटी असायची. आम्ही पट्टे भिजवून दिले, हात गळ्यात अडकवून दिला, "बाबा, दीड महिन्यानं या" म्हणून सांगितलं. नुसतं घसरून पडल्यावर पुरुषाचं मनगट का मोडावं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बाहेर रांग होती, पुढचा पेशंट आत आला.

त्या दिवशी तो प्रश्न विचारला असता तर बाबा नक्की वाचले असते, असं आम्ही म्हणणार नाही. पण तीन वर्षांचा अवधी हातात होता आणि तो वाया गेला. हा लेख त्यासाठीच लिहीत आहोत.

"हा तर बायकांचा आजार"

हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराला डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड बाहेरून तसंच दिसतं, पण आतून पोकळ होत जातं, वाळवी लागलेल्या वाशासारखं. हे होत असताना काही दुखत नाही. ताप नाही, सूज नाही. हाड मोडतं तेव्हाच कळतं.

पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं झिजतात, हे आता बऱ्याच घरांत माहीत झालं आहे. त्यामुळे हा आजार बायकांचा, असा शिक्का बसला. तो अर्धाच खरा आहे. पन्नाशीनंतर जगभरात साधारण तीनपैकी एका बाईचं आणि पाचपैकी एका पुरुषाचं हाड अशा ठिसूळपणामुळे मोडतं, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. पाचपैकी एक म्हणजे विहाराच्या ओट्यावर बसलेल्या पाच आजोबांमधले एक.

पुरुषांची हाडं मुळात जाड असतात, त्यामुळे त्यांचा त्रास साधारण दहा वर्षं उशिरा सुरू होतो. पण खुबा मोडल्यानंतर पहिल्या वर्षात दगावण्याचं प्रमाण बायकांपेक्षा पुरुषांत जास्त आहे. तरीही हाड मोडल्यावर ठिसूळपणाची तपासणी आणि औषध पुरुषांना कमी वेळा मिळतं. कारण तेच, "पुरुषाला कुठे होतो हा आजार?"

आमच्याकडे आणखी एक समज आहे. "आमच्या बापानं जन्मभर ओझी वाहिली, त्याची हाडं लोखंडाची." अंगमेहनतीनं हाडं बळकट होतात, हे खरं. पण काम सुटलं, माणूस ओट्यावर बसला, की तो फायदा हळूहळू ओसरतो. त्यात अंगावर मांस नाही, दात पडल्यामुळे जेवण अर्धं, विडी चालूच. अशी हाडं लोखंडाची राहत नाहीत.

मशीन लागत नाही, विचारावं लागतं

हाडांची घनता मोजायची खरी तपासणी म्हणजे डेक्सा. पाठ आणि खुबा यांचा अगदी कमी किरणांचा एक्स-रेच म्हणा. त्यात टी-स्कोअर नावाचा आकडा येतो. तो उणे अडीच किंवा त्याहून खाली असला तर ऑस्टिओपोरोसिस धरतात. पण हे मशीन आपल्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नसतं. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात किंवा खासगी सेंटरला जावं लागतं.

मग सगळ्याच म्हाताऱ्या पुरुषांना मशीनखाली झोपवायचं का? इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जाणकारांत यावर एकमत नाही. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या टास्क फोर्सनं २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये म्हटलं, की सरसकट सगळ्या पुरुषांची तपासणी करावी की नाही हे सांगायला पुरावा पुरेसा नाही. तिथल्याच अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेनं २००८ मध्ये दुसरी वाट सांगितली होती. वयस्क पुरुषांना धोक्याच्या गोष्टी वेळोवेळी विचारा, आणि ज्यांचा धोका जास्त दिसेल, जे औषध घ्यायला तयार असतील, त्यांचीच डेक्सा करा.

आम्हाला ही दुसरी वाट पटते. ती गरिबाच्या दवाखान्यात चालण्यासारखी आहे. त्यासाठी लागतो एक वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि पाच मिनिटं विचारपूस करणारं माणूस.

काय विचारायचं?

साठी ओलांडलेल्या प्रत्येक बाबांना, आजोबांना हे प्रश्न विचारा.

१. पन्नाशीनंतर साध्या पडण्यानं हाड मोडलं होतं का? साधं पडणं म्हणजे उभ्या उभ्या किंवा त्याहून कमी उंचीवरून पडणं. मनगट, दंड, बरगडी, खुबा, मणका, कोणतंही. गाडीनं उडवलं असेल तर ती गोष्ट वेगळी. या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं, तर बाकीच्या उत्तरांची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. एकदा मोडलेल्या माणसाचं दुसरं हाड मोडण्याचा धोका बराच वाढलेला असतो.

२. आई किंवा वडील यांचा खुबा मोडला होता का? "म्हातारी पडली आणि मग उठलीच नाही" असं घरात सांगतात, त्याचा अर्थ बहुधा तोच असतो.

३. विडी, सिगारेट, रोजची दारू आहे का? दोन्हींनी हाड झिजतं. दारूनं तोलही जातो, म्हणजे नुकसान दुप्पट.

४. स्टिरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून जास्त घेतल्या आहेत का? दम्यासाठी, संधिवातासाठी, त्वचेच्या आजारासाठी त्या देतात. इथे थोडं खोलात जाऊन विचारावं लागतं. "गुडघ्याची पांढरी गोळी", "दम्याची पुडी", "घेतली की लगेच आराम पडतो ती पावडर" असं बाबा सांगतात. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. पाकीट, पुडी जे असेल ते दवाखान्यात दाखवा. मात्र बरेच दिवस चालू असलेली स्टिरॉइडची गोळी एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात.

५. दुसरा कोणता जुना आजार किंवा औषध आहे का? संधिवात, थायरॉइड वाढलेलं, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, फिट्सच्या काही गोळ्या, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी दिलेली हार्मोनची इंजेक्शनं. पुरुषांत हाडं ठिसूळ होण्यामागे बरेचदा असं दुसरं कारण लपलेलं असतं, आणि ते सापडलं तर उपाय तिथूनच सुरू होतो.

वय, वजन आणि भिंत

आता वजनकाट्याकडे या. आशियाई देशांतल्या पाळी गेलेल्या बायकांच्या अभ्यासातून २००१ मध्ये एक सोपी आकडेमोड पुढे आली. किलोतल्या वजनातून वय वजा करायचं आणि उरलेल्या आकड्याला पाचनं भागायचं. उत्तर उणे चारच्या खाली गेलं तर धोका जास्त, उणे एक ते उणे चार मध्ये असलं तर मध्यम. पुढे ही आकडेमोड पुरुषांवरही तपासली गेली. पुरुषांसाठी रेषा नेमकी कुठे ओढायची, यात अभ्यासागणिक फरक आहे, पण अर्थ तोच. वयाचा आकडा वजनाच्या आकड्यापेक्षा जितका मोठा, तितकी काळजी जास्त.

उदाहरण घ्या. बाबांचं वय ७४, वजन ४६ किलो. फरक २८. भागिले पाच, म्हणजे उणे साडेपाचच्याही खाली. या बाबांना डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. दुसरे बाबा ६५ वर्षांचे, वजन ६८ किलो. वजनच वयापेक्षा जास्त, म्हणजे या हिशेबानं धोका कमी. पण त्यांचं मनगट आधी मोडलेलं असेल तर हा हिशेब बाजूला ठेवायचा. ही आकडेमोड रोग ठरवत नाही, कोणाला आधी पुढे पाठवायचं एवढंच सांगते.

मग भिंत. बाबांना टाचा भिंतीला लावून ताठ उभं करा आणि समोर बघायला सांगा. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नसेल, तर पाठीचा मणका आतल्या आत दबून मोडला असण्याची शक्यता असते. तसंच तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरहून जास्त कमी झाली असेल तर तेही लक्षण आहे. जुन्या नोकरीच्या कागदावर उंची लिहिलेली असली तर ताडून बघा. नसली तर साधं विचारा, "बाबा, पायजमा आता जमिनीवर लोळतो का?" वय झालं की पोक येतोच, असं म्हणून आपण सोडून देतो. त्यातले काही पोक म्हणजे न कळलेलं फ्रॅक्चर असतं.

एक इशारा. पाठदुखीबरोबर ताप येत असेल, वजन झपाट्यानं घटत असेल, रात्री झोपल्यावर दुखणं वाढत असेल, तर मणक्याचा टीबी किंवा कॅन्सरही असू शकतो. लगेच डॉक्टरांना दाखवा. पायांत बळ राहिलं नाही किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

फुकट शिबिराचा बोर्ड दिसला तर

वस्तीत अधूनमधून "मोफत हाडांची तपासणी" असा बोर्ड लागतो. टाच एका छोट्या मशीनमध्ये ठेवतात, कागद हातात देतात आणि शेजारच्या टेबलावर कॅल्शियमचे डबे विकायला असतात. टाचेची ती तपासणी अल्ट्रासाऊंडची असते. ती डेक्सा नव्हे. तिच्यावरून रोगाचा शिक्का मारून घेऊ नका आणि महिन्याभराच्या किराण्याचे पैसे डब्यात घालू नका. कागद मात्र जपून ठेवा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा.

धोका निघाला तर पुढे काय?

डॉक्टर आधी रक्त तपासतील. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, मूत्रपिंड, गरज पडली तर थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व. पाठीचा एक्स-रे काढतील. मग डेक्सासाठी चिठ्ठी देतील. साध्या पडण्यानं खुबा किंवा मणका आधीच मोडलेला असेल तर डेक्साची वाट न पाहताही औषध सुरू करता येतं.

नुसती कॅल्शियमची गोळी हा या आजारावरचा पूर्ण उपाय नाही. हाडांची झीज थांबवणारी औषधं वेगळी आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेटची गोळी त्यातली एक. ती सकाळी उपाशीपोटी, पूर्ण ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहाबरोबर नाही. नंतर अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. ज्यांना ताठ बसता येत नाही, गिळायला त्रास होतो किंवा मूत्रपिंड फार कमजोर आहे, त्यांना ही गोळी चालत नाही. त्यांच्यासाठी दुसरी औषधं, इंजेक्शनं आहेत. दात काढायचा असेल तर औषध सुरू करण्याआधी सांगा. जेनेरिक औषध मागा.

ताटात काय हवं? मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळतं, म्हणजे दोन भाकऱ्यांत एक तृतीयांश भागलं. ग्लासभर दुधात किंवा वाटीभर दह्यात आणखी भर पडते. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, आणि काट्यासकट खाल्लेली सुकट हे आपल्या घरातलंच आहे. बीपी असेल तर सुकट धुऊन खारटपणा काढा. डाळ, अंडं यांनी स्नायूंना बळ येतं. दात नसतील तर भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून द्या, पण "बाबांना आता भूक नाही" म्हणून ताट अर्धं करू नका.

अरुंद गल्लीतल्या खोलीत ऊन येत नाही. बाबांना रोज अर्धा तास हातपाय उघडे ठेवून उन्हात बसवा. अगदी कोवळ्या उन्हापेक्षा थोडं चढलेलं ऊन ड जीवनसत्त्वासाठी जास्त उपयोगी, उन्हाळ्यात मात्र जपून. ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या पुड्या मनानं महिनोन्महिने घेत राहू नका, त्याही बाधतात.

आणि पडू देऊ नका. हे औषधाइतकंच मोठं आहे. बाबांचं अंथरूण माळ्यावरून खाली आणा. रात्रीसाठी उशाला बॅटरी आणि लघवीचं भांडं ठेवा, म्हणजे अंधारात सार्वजनिक संडास गाठावा लागणार नाही. मोरीत शेवाळ साचू देऊ नका. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन टाळू नका. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळीनं चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला धरून टाचा उचलणं, एका पायावर क्षणभर उभं राहणं, एवढा व्यायाम रोज करवून घ्या. पाठीचा मणका मोडलेला असेल तर कमरेत वाकून बादली उचलायची नाही.

खुबा मोडलाच तर हाडवैद्याकडे, मालिशवाल्याकडे दिवस घालवू नका. ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत व्हायला हवं. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. ते कार्ड आजच काढून ठेवा. आपण जाणार ते रुग्णालय योजनेत आहे का, हेही आधी विचारून ठेवा.

आपली मागणी

आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. त्यात विडी-तंबाखू आणि दारू विचारतात, साठीच्या पुढच्यांना उभं राहताना, चालताना तोल जातो का हेही विचारतात. म्हणजे निम्मं काम झालेलंच असतं. त्यात एकच प्रश्न वाढवायचा आहे. "पन्नाशीनंतर साध्या पडण्यानं हाड मोडलं होतं का?" आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना, नगरसेवकांना हे लेखी द्या. वृद्धांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रावर आठवड्याला ज्येष्ठांची ओपीडी धरलेली आहे. ती कोणत्या वारी असते ते विचारा, नसेल तर का नाही ते विचारा. आणि प्लास्टर रूममधल्या आमच्या बहिणींना सांगणं आहे, की पन्नाशीपुढच्या माणसाला प्लास्टर घातल्यावर केसपेपरवर दोन शब्द लिहून घ्या, "हाडांची तपासणी". आम्ही ते लिहून घेतलं नव्हतं.

पुरुष सहजासहजी दवाखान्यात येत नाहीत. "मला काय धाड भरलीय?" हे उत्तर ठरलेलं. पण पौर्णिमेला ते विहारात येतातच. येत्या पौर्णिमेला दारापाशी वजनकाटा ठेवा, भिंतीवर उंचीच्या खुणा करा, वस्तीतली दहावी-बारावीची दोन मुलं वही घेऊन बसवा. "जय भीम बाबा, जरा काट्यावर उभे राहा" म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही. वय, वजन, जुनं फ्रॅक्चर आणि डोकं भिंतीला टेकतं की नाही, एवढं लिहा. ज्यांचं नाव पुढे पाठवायचं ठरेल त्यांना सोमवारी कोणीतरी हाताला धरून आरोग्य केंद्रात न्या, एकटं पाठवू नका. आणि वही विहाराच्या कपाटातच ठेवा. सहा महिन्यांनी तीच नावं पुन्हा विचारायची आहेत.